एका पगारात आई-बाबाही आणि मुलंही: पैशाची मांडणी कुठून सुरू करायची

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या रात्री घरात पैसा नव्हता असं नाही. होता, पण बाबांच्या एकट्याच्या नावावरच्या मुदत ठेवींत. त्यांचा उजवा हात हलत नव्हता, सही होत नव्हती आणि पावत्या कुठल्या कप्प्यात आहेत हे आईला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची फी भरायची होती. रुग्णालयाची अनामत मी क्रेडिट कार्डावर भरली आणि पुढचे सात महिने व्याजासकट फेडत बसले.

अशा वेळी बँकेला अंगठा चालतो, हे मला खूप नंतर कळलं. खातेदार आजारपणामुळे सही करू शकत नसेल तर हाताचा किंवा पायाचाही अंगठा घेता येतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. मला ती त्या रात्री माहीत असती तर क्रेडिट कार्डाचं व्याज वाचलं असतं.

मी आर्थिक सल्लागार नाही. चाळिशीतली, नोकरी करणारी, वर दोन ज्येष्ठ आणि खाली दोन शिकणारी मुलं असलेली बाई आहे. तुम्हीही याच टप्प्यावर येत असाल तर माझ्या चुकांच्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते.

१. आधी खर्चांना तारखा लावा

एक कोरा कागद घ्या. पुढच्या पंधरा वर्षांतले मोठे खर्च लिहा आणि प्रत्येकासमोर तारीख टाका. मुलांच्या शिक्षणाची तारीख जवळपास पक्की असते: दहावी, बारावी, पदवीचं पहिलं वर्ष. तुमच्या निवृत्तीचीही असते. आई-बाबांच्या आजारपणाची मात्र नसते. ते उद्या येईल किंवा दहा वर्षांनी.

मी शिक्षणासाठी मोठी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) लावली होती आणि आजारपणासाठी काहीच नाही. परिणाम काय झाला? बाजार पडलेला असताना तीच एसआयपी मोडावी लागली. म्हणून माझा क्रम आता असा आहे: ज्या खर्चाची तारीख ठाऊक नाही त्याची सोय पहिली, स्वतःच्या म्हातारपणाची दुसरी आणि मुलांच्या शिक्षणाची तिसरी. तिसऱ्या क्रमांकावर बरेच जण भुवया उंचावतात. पण शिक्षणाला कर्ज मिळतं. तुमच्या सत्तराव्या वर्षीच्या किराणा-औषधाला कुठलीही बँक कर्ज देत नाही, आणि तेव्हा तुमची मुलं नेमकी आज तुम्ही आहात त्या जागी उभी असतील.

शिक्षणाचा आकडा काढताना आजची फी धरू नका. ७२ ला वाढीच्या दराने भागा, तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत असेल तर ९ वर्षांत दुप्पट. मुलगा आज तिसरीत असेल तर पदवीपर्यंत साधारण तेवढीच वर्षं उरतात.

२. आई-बाबांशी कागदांबद्दल बोला

सगळ्यात अवघड पायरी हीच. मी सरळ विचारलं, ‘बाबा, तुमच्या ठेवी कुठे कुठे आहेत?’ उत्तर आलं, ‘मी अजून जिवंत आहे.’ दोन महिने तो विषय बंद.

दुसऱ्या वेळी मी माझीच फाइल घेऊन गेले. ‘बाबा, मला काही झालं तर मुलांसाठी हे हे आहे, हे कुठे ठेवलंय ते तुम्हाला माहीत असू द्या,’ असं म्हणून सगळं दाखवलं. ते चष्मा लावून अर्धा तास चुका काढत बसले. मग स्वतः उठले आणि कपाटातून पिशवी घेऊन आले. रक्कम विचारू नका, जागा विचारा. रक्कम आपोआप कळते.

एका वहीत हे उतरवून घ्या:

- बँक खाती आणि ठेवी: शाखा, कोणाच्या नावावर, परतावा कोणाच्या सहीने, नॉमिनी कोण
- टपाल खात्यातली पुस्तकं आणि जुनी प्रमाणपत्रं
- आरोग्य आणि आयुर्विम्याच्या पॉलिसी, हप्त्याच्या तारखा
- आधार, पॅन, पेन्शनचे कागद, शिधापत्रिका
- घराचं खरेदीखत, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती
- चालू औषधं, जुने अहवाल, डॉक्टरांची नावं
- बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक (आमच्याकडे तो आठ वर्षांपूर्वी बंद झालेला निघाला!)

प्रत्येक कागदावरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का, तेही बघा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यातल्या एका मात्रेपायी किती खेटे घालावे लागतात हे ज्याने घातले त्यालाच कळतं.

विस्मृतीत गेलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वळती करतात, पण ती बुडत नाही. खातेदाराला किंवा वारसाला बँकेकडे अर्ज करून परत मागता येते.

आता इथले सापळे.

खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं केलं की सुटलो, असं आपण समजतो. बचत खात्यापुरतं ते खरं आहे. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची असेल आणि दोघेही हयात असतील तर सामान्यतः दोघांच्याही सह्या लागतात. एकाच्या सहीने मोडता यावी असं हवं असेल तर तशी संमती बँकेकडे आधीच लेखी द्यावी लागते. एक जण गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी पैसे मिळण्यासाठीही हीच संमती कामाला येते. ठेव ठेवतानाच हा अर्ज मागून घ्या. काउंटरवरून स्वतःहून कोणी सांगत नाही.

दुसरा सापळा कुलमुखत्यारपत्राचा. ‘बाबांकडून मुखत्यारपत्र करून ठेवलंय’ म्हणून लोक निर्धास्त असतात. भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं किंवा तो वारला की साधारणपणे मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे जिथे त्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते निरुपयोगी. माणूस कोमात गेला तर पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं. यावर साधा उपाय म्हणजे रोजच्या खर्चाचं खातं आणि निदान दोन-तीन ठेवी जिवंतपणी, शुद्धीत असताना संयुक्त करून घेणं.

आणि तिसरा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते, पण ते तो वारसांच्या वतीने सांभाळत असतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरीही करून घ्यावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, उगीच शंकेला जागा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा जुन्या ठेवींवर दिवंगत आजीचं नाव असेल तर ते बदलून टाका.

३. रोख हाताशी किती आणि कुठे

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. दोन्हीकडून ओझं असेल तर मला ते अपुरं वाटतं. नऊ महिन्यांचा घरखर्च, त्यावर एका रुग्णालय प्रवेशाची अनामत, हे माझं माप.

सगळी रक्कम एका जागी नको. लिक्विड फंडातून, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडातून, तात्काळ काढायची सोय असते, पण एका योजनेतून दिवसाला ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, यापैकी जे कमी असेल तेवढंच. बाकीची रक्कम कामकाजाच्या दिवशी येते. झटका शनिवारी रात्री येतो. म्हणून किमान अनामतीएवढे पैसे बचत खात्यात हवेतच. रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांना यूपीआयने ५ लाखांपर्यंत पैसे देता येतात, मात्र तुमच्या बँकेने स्वतःची कमी मर्यादा ठेवली आहे का ते आजच तपासा.

४. आरोग्यविमा: इथे घाई करू नका, पण उशीरही करू नका

पहिली चूक म्हणजे आई-बाबांना स्वतःच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकाच सामायिक पॉलिसीत, घालणं. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्कर माणसावर ठरतो आणि एका मोठ्या आजारात सगळ्यांचं संरक्षण संपतं. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवा.

दुसरी चूक म्हणजे कंपनीच्या गटविम्यावर विसंबणं. नोकरी सुटली की तो सुटतो, आणि पन्नाशीत नोकरी सुटते तेव्हा आई-बाबा पंचाहत्तरीत असतात. नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारा. भरलेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ) वाया जात नाही.

‘आता या वयात कोण विमा देणार’ हे पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने प्रवेशाच्या वयाची जुनी चौकट काढली, आधीपासून असलेल्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला, आणि सलग ५ वर्षं हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. तरी प्रस्तावात मधुमेह-रक्तदाब लपवायला सांगणारा एजंट भेटलाच तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा कोटेशनमध्ये तो दिसला तर विचारा.

पॉलिसीत काय वाचायचं? खोलीभाड्याची मर्यादा. ती ५ हजार असताना तुम्ही १० हजारांची खोली घेतली तर फक्त फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, शुश्रूषा हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं कापलं जाऊ शकतं. औषधं आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या असतात. को-पे म्हणजे दाव्यातला तुमचा वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो बहुधा असतोच. हप्ता परवडत नसेल तर लहान मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप घ्या. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली सगळी बिलं मिळून ठरावीक रकमेपुढे गेली की विमा सुरू होतो. तेवढी ठरावीक रक्कम मुद्दा ३ मधल्या पैशातून येऊ शकते, हे जमवून बघा.

वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न न विचारता ‘आयुष्मान भारत’चं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. घरात दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून ५ लाख. खासगी विमा असला तरी हे घेता येतं. केंद्र सरकारी आरोग्य योजनेसारखी सोय असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. वय आधारवरून ठरतं. माझ्या आईच्या आधारवर जन्मवर्ष चुकलेलं होतं आणि ती कागदावर तीन वर्षांनी तरुण होती. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे, शिधापत्रिका अद्ययावत ठेवा. दोन्ही योजना फक्त संलग्न रुग्णालयांत चालतात, त्यामुळे घराजवळची दोन नावं आधीच शोधून वहीत लिहा.

कुठल्याच विम्यात सहसा न बसणारा खर्च म्हणजे घरी आल्यानंतरचा. दिवस-रात्र माणूस, डायपर, भाड्याची खाट, फिजिओथेरपीचे महिने. आमच्याकडे रुग्णालयाच्या बिलापेक्षा पुढच्या वर्षभरात हाच खर्च जास्त झाला. त्यासाठी वेगळी आवर्ती ठेव सुरू करा. छोटी असली तरी.

५. त्यांच्याच पैशातून त्यांचा महिना निघतो का?

आधी त्यांचे पैसे नीट लावा, मग तुमचे घाला. बऱ्याच घरी ज्येष्ठांचे पैसे बचत खात्यात नुसते पडून असतात आणि मुलगी दर महिन्याला स्वतःच्या पगारातून पाठवत असते. आमच्याकडे हेच होतं.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० वर्षांपुढे एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, मुदत ५ वर्षं. दर सरकार तिमाहीगणिक जाहीर करतं (२०२३ च्या एप्रिलपासून २०२५ अखेरपर्यंत ८.२ टक्के होता), पण तुम्ही ठेवलेल्या दिवशीचा दर त्या ५ वर्षांसाठी कायम. दरमहा हवं असेल तर टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना, एकट्याला ९ लाख आणि संयुक्त १५ लाख अशी मर्यादा.

एका बँकेतलं ज्येष्ठांचं वर्षाचं व्याज १ लाखापुढे गेलं की तिथे करकपात होते. एकूण कर शून्य येत असेल तर एप्रिलमध्येच बँकेला तसं लिहून देणारा फॉर्म, ज्याला सगळे १५एच म्हणतात, भरून द्या, नाहीतर परताव्याची वाट बघत बसाल. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. सत्तरीपुढच्यांना बँकेने मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात असाही नियम आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढंच.

तुमच्या स्वतःच्या करात वजावट हवी असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. ज्येष्ठ आई-बाबांच्या विमा हप्त्यावरची ५० हजारांपर्यंतची वजावट, जिला सगळे ८०डी म्हणतात, फक्त जुन्या करप्रणालीत आहे. हप्ता रोखीने भरला तर तीही नाही. नवी प्रणाली निवडली असेल तर ‘कर वाचतो’ म्हणून विकली जाणारी पॉलिसी तुमच्यासाठी नाही.

६. भावंडांचा हिशेब उघडा ठेवा

माझा भाऊ परदेशात. तो पैसे पाठवायचा, मी रजा टाकायचे. दोघांनाही वाटायचं, आपणच जास्त करतोय. शेवटी एक सामायिक तक्ता केला: विम्याचे हप्ते आणि बाबांना सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्याच्याकडे, रुग्णालय आणि बँक माझ्याकडे. माझ्या बिनपगारी रजांचा रकानाही त्यात आहे. तो भरताना मला संकोच वाटला होता, आता वाटत नाही.

आई-बाबांच्या नावावर स्वतःचे पैसे ठेवणं करासाठी सोयीचं असतं. त्यांना दिलेल्या भेटीवर कर नाही आणि पुढचं व्याज त्यांचं धरलं जातं. पण एकदा दिले की ते पैसे कायद्याने त्यांचे. मृत्युपत्र नसेल तर ते सगळ्या वारसांत वाटले जातील. त्यांच्या घराच्या दुरुस्तीत घातलेल्या पैशाचंही तसंच. द्यायचे तर ते परत येणार नाहीत असं धरून द्या, किंवा भावंडांसमोर लिहून ठेवा.

७. मुलांचं शिक्षण

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडा. वर्षाला २५० ते दीड लाख, १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. तिच्या नवव्या वर्षी उघडलंत तर ते तिच्या तिसाव्या वर्षी पूर्ण होईल! शिक्षणासाठी मध्ये निम्म्यापर्यंत रक्कम निघते, तेवढीच धरून चाला.

शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर असलं तरी सहकर्जदार तुम्ही असता. शिकत असतानाही व्याज चढतच असतं, जमलं तर तेवढं दरमहा भरून टाका. आणि मुलाला फी भरण्याआधी, प्रवेशाच्या वेळीच सांगा की घरातून किती येईल. मी मुलीला बाबांच्या आजारपणाचा हिशेब दाखवला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने महागडा क्लास स्वतःहून नको म्हटलं. मला त्या रात्री झोप आली नाही, पण लपवलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं नाही.

८. तुम्हाला काही झालं तर

तुमच्यावर सहा माणसं अवलंबून असतील तर साधा मुदतीचा आयुर्विमा हवा, परतावा देणारा नको. रक्कम ठरवताना बायको-मुलांबरोबर आई-बाबांची उरलेली वर्षंही मोजा. इथे एक बारीक मेख आहे. पुरुष आपली पॉलिसी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेतो तेव्हा तिचा फायदा फक्त बायको-मुलांना मिळतो, आई-बाबांना त्यातून काही नाही. कर्जदारांपासून संरक्षण म्हणून ते उत्तम आहे. आई-बाबांसाठी दुसरी, लहान पॉलिसी वेगळी घ्या.

९. फोनवरचे चोर

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावतात ती ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे आई-बाबांना आठवड्यातून एकदा सांगा. त्यांच्या मोठ्या ठेवी यूपीआयला जोडलेल्या खात्यापासून दूर ठेवा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, ओरडण्यात वेळ घालवू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

वही आता आईकडे असते. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवशी आम्ही ती उघडतो. बाबा डाव्या हाताने सही करायला शिकलेत आणि तीच सही आम्ही बँकेत नव्याने नोंदवून घेतली आहे.